उसण

कमरेत एकाएकी भरणारी तीव्र वेदना, तीव्र कटिशूल. सोलापूरकडे ‘उसण भरली’, ‘कंबर धरली’ असे म्हणतात. सहा आठवड्यांच्या आतले दुखणे वैद्यकात तीव्र (म्हणजे ताजे, जुनाट नव्हे) मानतात. काहींच्या मते ही मर्यादा चार आठवड्यांची.

चरकसंहितेतील ८० वातविकारांत त्रिकग्रह (कमरेचा खालचा भाग धरणे), पृष्ठग्रह (पाठ धरणे) व गृध्रसी येतात. गृध्रसी म्हणजे सायटिका (कमरेतून पायात उतरणारी कळ) ही जुळणी रूढ आहे. उसणीला मात्र त्रिकग्रह अधिक जवळचा वाटतो.

वेदनेचे नेमके उगमस्थान वादग्रस्त आहे. मणक्यांमधील गादी फाटून नसेवर दाब येतो, हे मिक्स्टर व बार या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी १९३४ मध्ये शस्त्रक्रियांच्या आधारे मांडले आणि पुढे बहुतेक उसणींचे खापर गादीवर फुटू लागले. मात्र १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांच्या एमआरआयमध्ये निम्म्याहून अधिकांची किमान एक गादी फुगलेली आढळली. तेव्हा केवळ चित्रावरून ‘गादी सरकली’ म्हणणे घाईचे ठरते. स्नायूंची आकडी, मणक्यांमागील लहान सांधे, गादीच्या बाह्य कड्याची चीर असे अन्य पक्षही आहेत. बहुतेक रुग्णांत यांपैकी नेमके काय, हे तपासणीत ठरवता येत नाही. म्हणून ‘अविशिष्ट कंबरदुखी’ ही संज्ञा वापरतात आणि तीच अधिक प्रामाणिक होय.

यंत्रमागावर सुताचे जड बीम चढवताना कामगार वाकतो आणि भार हातात असतानाच वळतो. उसण भरायला एवढे पुरते. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांची कंबरदुखी बहुधा जुनाट असते. तिलाही उसण म्हणणे हा सैल वापर.

पायाळू (पायांकडून जन्मलेल्या) माणसाचा पाय कमरेला लावून घेण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. बहुतेक उसणी काही आठवड्यांत आपोआप ओसरतात, हे तिच्या कीर्तीचे कारण असावे.

पूर्वी सक्तीची विश्रांती सांगत. १९८६ च्या एका चाचणीत सात दिवस पडून राहण्यापेक्षा दोन दिवसांची विश्रांती सरस ठरली. आता शक्य तितके हिंडते-फिरते राहण्यास सांगतात. शेकाने आराम पडतो. पॅरासिटामॉलचा उपयोग २०१४ च्या मोठ्या चाचणीत दिसला नाही. आयब्युप्रोफेनसारखी औषधे थोडे दिवस चालतात. पोटात व्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास ती टाळावीत.

लघवी तुंबणे, गुदद्वाराभोवती बधिरता किंवा पायातली शक्ती जाणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, पडल्याचा मार, कर्करोगाचा पूर्वेतिहास असल्यासही तपासणी लांबवू नये.