तोंड येणे (मुखव्रण)

ओठ, गाल, जीभ, टाळू किंवा हिरडी यांवरील नाजूक अस्तराला पडलेल्या जखमेला मुखव्रण म्हणतात. बोलीत मात्र साध्या फोडापासून कर्करोगापर्यंत सगळ्यालाच ‘तोंड आलंय’ म्हटले जाते आणि निदानाला उशीर होण्याचे हे एक मोठे कारण आहे.

सर्वांत जास्त आढळतो तो वारंवार उद्भवणारा लहान व्रण. तो गोल, उथळ, मधोमध पिवळसर, कडेने लाल आणि अतिशय दुखरा असतो. आकार 10 मिलिमीटरपेक्षा लहान असून 7 ते 14 दिवसांत तो आपोआप भरतो. लोह, फोलेट किंवा बी-12 यांची कमतरता, मानसिक ताण आणि आनुवंशिकता यांचा त्याच्याशी संबंध दिसतो. सोलापुरी शेंगाचटणीने असा व्रण झोंबतो, म्हणून दोष तिखटाला दिला जातो. जखम बहुधा आधीचीच असते. कडक भाकरीचा कंगोरा टाळूला लागला, दाताचे टोक जिभेला घासत राहिले किंवा कवळी नीट बसली नाही, तरीही व्रण होतो. तो कारण दूर होताच भरू लागतो.

नागीण वर्गातील विषाणूमुळे ओठांवर बारीक पाणीदार फोडांचा पुंजका उठतो. बुरशीचा दह्यासारखा पांढरा थर मधुमेहींत विशेष आढळतो व तो पुसता येतो. पुसूनही न जाणारा पांढरा चट्टा कर्करोगपूर्व असू शकतो. मेथोट्रेक्सेटसारखी (संधिवात व कर्करोगावर दिली जाणारी) औषधे आणि आतड्यांचे काही विकारही मुखव्रणाला कारण होतात.

सोलापुरात या विषयाचे सर्वांत गंभीर अंग म्हणजे मावा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोळवून केलेली ही गोळी गालात तासन्‌तास धरली जाते. घराघरांत मिश्री लावणाऱ्या स्त्रियाही आहेत. राज्यात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारीची सवय सुटलेली नाही. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये जाहीर केले. सुपारीने गालाचे अस्तर आतून ताठ होत जाते, साधे कालवणही झोंबते आणि हळूहळू जबडा उघडेनासा होतो. रुग्ण याला ‘तोंड आलंय’ समजून बी-12च्या गोळ्या घेत राहतो. स्वतःची तीन बोटे उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये मावतात का, हे पाहण्याची साधी कसोटी इथे फार उपयोगी पडते.

निदानात व्रण कधीपासून आहे, एक की अनेक, पुन्हापुन्हा होतो का, दुखतो का, हे आधी विचारले जाते. मग हातमोजा घालून बोटाने कड चाचपतात. कड टणक लागणे, मानेत गाठ असणे आणि व्रण न दुखणे ही धोक्याची चिन्हे होत. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. गरजेनुसार रक्तातील हिमोग्लोबिन, लोहसाठा, बी-12, साखर आणि एचआयव्ही तपासतात. दोन आठवड्यांनंतरही न भरलेल्या व्रणाचा, तो भाग बधिर करून, कडेजवळचा छोटा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ ही भीती निराधार आहे. जिल्ह्यातील रुग्णांना ही तपासणी सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात करून घेता येते. ग्रामीण भागातील कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदणी भारतात प्रथम याच बार्शीत 1987 मध्ये सुरू झाली.