पोर्तुगालच्या डी७ व्हिसाचा आकडा दरवर्षी का वाढतो, आणि गोव्यातल्या नवरा-बायकोचं भाडं कागदावर अर्धं का दिसतं

पणजीत नाहीतर मडगावात रिटायर्ड मंडळींत पोर्तुगालच्या डी७ व्हिसाचा, म्हणजे नोकरी न करता पेन्शन-भाड्यासारख्या उत्पन्नावर तिथे राहायच्या व्हिसाचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, महिन्याला किती उत्पन्न दाखवायला लागतं. कोणी ७०५ युरो सांगतं, कोणी ८२०, कोणी ८७०, आणि मग वाद. खरं तर सगळेच आपापल्या वर्षापुरते बरोबर असतात, कारण २०२२ ला ७०५ होते, २०२३ ला ७६०, २०२४ ला ८२०, २०२५ ला ८७० आणि २०२६ ला ९२०. हा आकडा व्हिसा खात्याने बसून काढलेला नाहीच, तो पोर्तुगालमधला सरकारी किमान पगार आहे, तिथे पगार वाढला की इथे आपली अट वाढली.

हा किमान पगार आला १९७४ मध्ये. २५ एप्रिलला लिस्बनमध्ये सैन्याने हुकूमशाही उलथवली आणि महिन्याभरात, २७ मेच्या कायद्याने, देशात पहिल्यांदा किमान पगार ठरला, ३,३०० एस्कुडो (युरोच्या आधीचं तिथलं चलन). त्याच क्रांतीतून आलेल्या राजवटीने वर्षाच्या शेवटी, ३१ डिसेंबरला, गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य करणारा करार केला, म्हणजे आपल्या मुक्तीनंतर तेरा वर्षांनी. कराराचं आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतं, किमान पगाराचं कोणी बोलत नाही, पण आज व्हिसाची फाईल करणाऱ्याच्या खिशाशी संबंध येतो तो त्याचाच.

किमान पगाराची आणि व्हिसाची गाठ पडली २००७ ला. जुलैमध्ये परदेशी लोकांच्या प्रवेशाचा आणि वास्तव्याचा नवा कायदा आला, कायदा क्रमांक २३, आणि डिसेंबरच्या सरकारी आदेशाने हिशेब ठरला: मुख्य अर्जदाराला किमान पगाराच्या १०० टक्के, दुसऱ्या मोठ्या माणसाला ५० टक्के, प्रत्येक मुलाला ३० टक्के. तेव्हा किमान पगार होता ४०३ युरो, म्हणजे नवरा-बायकोला सहाशेच्या थोडं वर. आज त्याच जोडप्याला १,३८० लागतात. मधे २०११ ला पोर्तुगाल कर्जात बुडालं, युरोपियन युनियन आणि आयएमएफकडून ७८ अब्ज युरोचं पॅकेज घ्यावं लागलं आणि किमान पगार ४८५ वर अडकून पडला तो थेट ऑक्टोबर २०१४ ला ५०५ झाला, त्यानंतर मात्र चढच आहे. आणि आपला रुपया? २००७ ला युरो साठच्या आतबाहेर होता, आता शंभराच्या घरात. म्हणून मला मनापासून वाटतं की यंदाचा आकडा गाठला म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण तिथे गेल्यावर पहिलं रेसिडेन्स परमिट दोन वर्षांचं मिळतं आणि रिन्यूअलला उत्पन्न पुन्हा बघतात, त्या वर्षाच्या आकड्याने. एफडीचं व्याज काही दरवर्षी वाढून मिळत नाही.

स्पेनने इथे वेगळी वाट धरली, २००४ मध्ये त्यांनी सरकारी मदतीच्या हिशेबासाठी इप्रेम नावाचा वेगळा आकडा काढला, किमान पगारापासून तोडून, त्यामुळे तो हळू वाढतो, पण नोकरी न करता राहायच्या त्यांच्या व्हिसाला तो चारपट लागतो. २०२३ ला इप्रेम ६०० होता, म्हणजे एकट्या माणसाला महिना २,४०० युरो. पोर्तुगाल अजून बरंच स्वस्त पडतं.

डी७ ला चालतं काय तर पेन्शन, घरभाडं, व्याज, डिव्हिडंड, रॉयल्टी. पगार नाही. घरून लॅपटॉपवर काम करणारे आधी याच व्हिसात घुसायचे, मग ३० ऑक्टोबर २०२२ पासून त्यांच्यासाठी डी८ वेगळा झाला आणि त्याला किमान पगाराच्या चारपट अट लागली.

आता खास गोव्याची अडचण, जी मुंबई-पुण्याच्या एजंटला सहसा माहीतच नसते. आपल्याकडे लग्नानंतरच्या मालमत्तेला अजून १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड लागू आहे, खुद्द पोर्तुगालने तो १९६६ मध्ये बदलला तरी. वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची निम्मी-निम्मी. म्हणून १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यात कलम ५ए घातलं गेलं (१ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याच्या जागी नवा आला, हा नियम त्यातही आहे), पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांच्या रिटर्नमध्ये अर्धं अर्धं दाखवायचं. समजा पर्वरीच्या फ्लॅटचं भाडं महिना ४०,००० बँकेत जमा होतं, वर्षाचे ४,८०,०००. रिटर्नमध्ये घरभाड्यातून आधी ३० टक्के सरसकट वजावट जाते, उरले ३,३६,०००, त्याचे दोन भाग, प्रत्येकी १,६८,०००, म्हणजे महिन्याला १४,०००. पासबुकात चाळीस, रिटर्नमध्ये चौदा! फाईल बघणाऱ्याला हे कसं कळणार, त्याला वाटणार कुठेतरी खोटं आहे.

स्वतःच्या नोकरीची पेन्शन कायद्याने पगारात धरतात, त्यामुळे ती फुटत नाही, ज्याची त्याच्याच नावावर पूर्ण राहते. म्हणून घरात दोघांपैकी ज्याची पेन्शन मोठी त्याने मुख्य अर्जदार व्हावं हे बरं, शंभर टक्क्यांची अट त्याच्यावर येते ना. भाड्याचं उत्पन्न दाखवायचंच असेल तर दोघांचे रिटर्न एकत्र लावायचे, भाडं रोख न घेता बँकेतूनच घ्यायचं, अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट संपून नवं झालं असेल तर जुनंही जोडायचं आणि सीएकडून हा अर्ध्या-अर्ध्याचा नियम आणि वजावट दोन्ही समजावणारं पत्र घ्यायचं, त्याचं इंग्रजी साधं असावं.

१९ डिसेंबर १९६१ च्या आधी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, गोव्यात जन्मलेले आणि त्यांची मुलं थेट पोर्तुगीज नागरिकत्वाच्या मागे जातात, तिथे उत्पन्नाची अटच नाही. पण ते घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व जातं. डी७ मध्ये आपला पासपोर्ट आपल्याकडेच राहतो, आणि फोंडा-डिचोलीकडच्या ज्या घरांना इथली जमीन, देऊळ, मतदान काहीच सोडायचं नाही त्यांना हा उत्पन्नाचा हिशेब नीट बसवणंच भाग आहे.