गाडीवरून सायकल नेताना : रॅक घेण्याआधी हे वाचा

म्हापशाहून पहाटे निघायचे, साखळी गाव मागे टाकून केरीला गाडी लावायची आणि तिथून चोर्ला घाट सायकलने चढायचा, असा नेम असलेले बरेच जण आमच्या दुकानात येतात. कोणी मुलांना घेऊन दिवाडी बेटावर जातात, कोणी काणकोणला दोन दिवस राहायला जाताना सायकली बरोबर नेतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : चांगला रॅक कोणता? त्यावर आम्ही विचारतो, गाडी कोणती? सायकल कशीही असली तरी रॅक बसतो तो गाडीवर. एका गाडीला वर्षानुवर्षे साथ देणारा रॅक दुसऱ्या गाडीची मागची काच फोडू शकतो. म्हणून हे पत्रक घरी न्या आणि शक्य तर गाडीशेजारी उभे राहून वाचा.

आधी रॅकशिवाय जमते का ते पाहा

मागची सीट पाडून, सायकलची दोन्ही चाके काढून ती आत ठेवून बघा. बहुतेक हॅचबॅकमध्ये एक सायकल आरामात मावते, मध्ये जुनी चादर घालून नीट रचली तर कधी कधी दोनही मावतात. चेनची बाजू वर ठेवावी. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर ब्रेक पॅडच्या मध्ये प्लॅस्टिकची छोटी पट्टी घालावी. ती नसताना ब्रेकचा दांडा चुकून दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटतात आणि घाटाच्या पायथ्याशी चाक परत आत जात नाही. ही पट्टी आमच्याकडून मागून न्या, तिचे पैसे लागत नाहीत.

वर्षातून दोन-तीनदाच सायकल न्यायची असेल, किंवा शिकायला पुण्याला निघालेल्या मुलाची सायकल एकदाच पोचवायची असेल, तर रॅक घेऊ नका. अशा ग्राहकांना आम्ही रॅक न विकता परत पाठवतो.

डिकीवरचा पट्ट्यांचा रॅक

सर्वांत स्वस्त, सर्वांत जास्त विकला जाणारा आणि सर्वांत जास्त चुकीचा बसवला जाणारा हाच. दोन-तीन पाय डिकीवर टेकतात, पट्ट्यांचे हुक डिकीच्या कडांना अडकतात आणि बाहेर आलेल्या दोन दांड्यांवर सायकली लटकतात. सेदान गाडीच्या डिकीला सगळीकडे पत्र्याची कड असते, तिथे तो छान बसतो. हॅचबॅकचे मात्र नीट पाहावे लागते. वरच्या कडेला प्लॅस्टिकचा स्पॉयलर असेल किंवा काच थेट कडेपर्यंत आलेली असेल, तर हुक अडकवायला भक्कम जागाच उरत नाही. प्लॅस्टिकवर हुक लावून ‘बसला’ असे म्हणणारा माणूस तुम्हाला फसवतो आहे. रॅकचे पायही काचेवर टेकू देऊ नका.

आणखी तीन गोष्टी गाडीमागे उभे राहून बघाव्यात. पहिली सायलेन्सर. लटकलेल्या सायकलचे चाक त्याच्या तोंडासमोर आले तर गरम धुराने टायर खराब होतो, कार्बनची रिम असेल तर तीही. दुसरी रुंदी. सायकलची लांबी साधारण पावणेदोन मीटर असते आणि वॅगनआरची रुंदी सुमारे १.६२ मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना चाके थोडी बाहेर येतात. वाड्यांवरच्या अरुंद रस्त्यांवर समोरून बस आली की तेवढेही जास्त होते, म्हणून पुढचे चाक काढून गाडीत ठेवा. तिसरी गोष्ट म्हणजे नंबरप्लेट.

नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जाता कामा नयेत, हा कायदा आहे आणि तो योग्यच आहे. पावसाळ्यात चोर्ला किंवा अनमोडच्या धुक्यात तुमच्या मागे येणाऱ्या ट्रकला तुमचे ब्रेक लाइट दिसलेच पाहिजेत. दुकानातून दुसरी नंबरप्लेट छापून सायकलवर बांधा, असा सल्ला कोणी देईल. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट कंपनीकडूनच लागून येते. छापलेली पाटी तिची जागा घेऊ शकत नाही, म्हणून आम्ही ती करून देत नाही. रॅकची उंची अशी ठरवू की मूळ प्लेट दिसेल. काही गाड्यांवर ते जमत नाही, आणि नाही जमत तिथे आम्ही नाही म्हणू.

सायकली चढवल्यावर डिकी उघडत नाही, हेही आधीच लक्षात घ्या. पाणी, पंप आणि मुलांचा खाऊ मागच्या सीटवर ठेवा.

टपावरचा रॅक

टपावर सायकल नेली की नंबरप्लेट, दिवे, डिकी, रिव्हर्स कॅमेरा सगळे मोकळे राहते. म्हणून घाटात नियमित जाणाऱ्यांना आम्ही बहुधा हाच सुचवतो. पण त्याआधी गाडीचे मॅन्युअल उघडा आणि टपावर किती वजन चालते तो आकडा शोधा. टपाच्या दोन्ही कडांना चंदेरी पट्ट्या आहेत एवढ्यावर जाऊ नका. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कित्येक गाड्यांवर त्या केवळ शोभेच्या असतात, वजन पेलण्यासाठी नसतात. मॅन्युअलमध्ये तसे लिहिलेले असते, पण ते पान फारसे कोणी उघडत नाही.

समजा मॅन्युअलमध्ये ५० किलो लिहिले आहे. आडवे बार ६ किलोचे. सायकल धरणारे दोन ट्रे प्रत्येकी ४, म्हणजे ८ किलो. गिअरच्या दोन माउंटन बाइक प्रत्येकी १४, म्हणजे २८. एकूण ४२ किलो झाले. तिसरी सायकल आणि तिचा ट्रे चढवला की आकडा ६० वर जातो, म्हणजे मर्यादेच्या १० किलो वर. हे गणित रॅकच्या खोक्यावर लिहिलेले नसते, कारण खोक्यावर फक्त रॅकची क्षमता असते, तुमच्या टपाची नाही. दोन्हींतला जो आकडा लहान, तो आपला. घरातली आजोबांच्या काळची काळी उभी सायकल २० किलोच्या पुढे जाते, बॅटरीवरची २० ते २५ भरते. त्या टपावर नकोतच. खांद्याच्या वर एवढे वजन उचलताना पाठही धरते आणि गाडीचा रंगही जातो.

टपावर दोन पद्धती आहेत. एकीत पुढचे चाक काढून फोर्क, म्हणजे ते चाक धरणारा दुशाखी भाग, ट्रेला आवळायचा असतो. सायकल थोडी खाली बसते आणि हलत नाही. मात्र तुमच्या सायकलचा ॲक्सल, म्हणजे चाकाचा आस, कोणत्या मापाचा आहे त्यानुसार वेगळा भाग लागतो : खटक्याने सुटणारा जुना क्विक रिलीज, १२ मिमी किंवा १५ मिमी. दुसरीत दोन्ही चाके तशीच राहतात आणि एक दांडा चौकटीला किंवा पुढच्या चाकाला धरतो. कार्बनची चौकट असेल तर चौकटीला आवळणारा पंजा घेऊ नका. कार्बन दाब एका जागी सहन करत नाही, आतली चीर बाहेरून दिसतही नाही. २०१९ मध्ये गोव्यात पहिली आयर्नमॅन ७०.३ ही पोहणे, सायकल आणि धावणे अशी शर्यत झाली. तिच्यात सायकलचा टप्पा ९० किलोमीटरचा असतो. अशा शर्यतीसाठी महागडी सायकल घेऊन जाणाऱ्यांनी फोर्क आवळणारा किंवा फक्त चाके धरणारा ट्रेच घ्यावा.

आता उंची. स्विफ्टसारख्या गाडीवर चाकांसकट सायकल उभी केली की जमिनीपासून एकूण उंची २.७ मीटरच्या आसपास जाते, म्हणजे जवळजवळ नऊ फूट. इमारतीखालचे पार्किंग, पडवी, अंगणावर झुकलेली फणसाची फांदी, पणजीतल्या फोंतेन्यशच्या गल्लीत खाली लोंबणाऱ्या तारा, सगळे या उंचीत येते. आमच्यातल्याच एकाने घाटातून थकून परतल्यावर गाडी थेट घराच्या पडवीखाली घेतली. सायकलची चौकट गेली, कौले फुटली, टपाला पोचा पडला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. चार तास सायकल चालवून आलेल्या माणसाला वर काय आहे ते आठवत नाही. तेव्हापासून आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो : निघताना गाडी लावायच्या जागी एक खुर्ची ठेवून जा. परतल्यावर ती हलवायला उतरावेच लागते आणि मान आपोआप वर जाते.

स्टेपनी मागे असेल तर

थार, जिम्नी, बोलेरो अशा गाड्यांची स्टेपनी मागच्या दारावर असते. तिच्यावर बसणारा रॅक भक्कम असतो, पट्ट्या सैल पडण्याची भीती नसते. फक्त दार सायकली उतरवल्याशिवाय उघडू नका, सगळे वजन बिजागऱ्यांवर येते. दोनपेक्षा जास्त सायकली तिथे लावू नयेत, असे आमचे मत आहे.

टो बारवरचा प्लॅटफॉर्म

सायकली चढवायला हा सर्वांत सोपा, कारण गुडघ्याएवढ्या उंचीवर चाके ठेवायची असतात. बॅटरीच्या जड सायकलींना हाच बरा. पण टो बार, म्हणजे मागे ट्रेलर जोडायचा दांडा, गाडीच्या सांगाड्याला (चेसिसला) बसवावा लागतो, बंपरला नव्हे, आणि आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना तो कंपनीकडून येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. म्हणून आधी गाडीच्या डीलरकडून लेखी उत्तर आणा आणि वाहतूक खात्यात विचारा. कागद हातात आल्यावर रॅकचे बोलू.

व्हॅक्यूमने चिकटणारे रॅक आम्ही ठेवत नाही. पत्रा अगदी स्वच्छ असेल तरच ते पकड घेतात, आणि आपल्या गाड्यांवर लाल माती किंवा खारा थर नसलेला दिवस विरळा.

फेरीबोटीवर

हे लिहिलेले आम्हाला रॅकच्या कुठल्याच मॅन्युअलमध्ये आढळले नाही. ओहोटीच्या वेळी फेरी धक्क्यापेक्षा खाली जाते आणि उतार तीव्र होतो. गाडीचे पुढचे चाक बोटीवर चढले की शेपूट खाली झुकते. मागे प्लॅटफॉर्म किंवा खाली लोंबणाऱ्या सायकली असतील तर त्या सिमेंटला घासतात. बोटीवर गाड्या एकमेकींना खेटून लावतात, तेव्हा मागच्या चालकाला सायकलचे बाहेर आलेले पॅडल लक्षात येत नाही. मागचा रॅक लावून फेरीवर जायचेच असेल तर भरतीची वेळ साधा आणि बोटीवरच्या माणसाला आधी सांगा. आमचा खरा सल्ला मात्र वेगळा आहे. दिवाडी किंवा चोडण बेटावर सायकल चालवायलाच जाताय ना? मग गाडी रायबंदरला ठेवा आणि सायकल हातात धरून बोटीत चढा. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्याकडे जायला धक्क्यावरून गाडीची गरजच पडत नाही.

खारे वारे आणि गंज

आमच्याकडे दुरुस्तीला येणारे रॅक बहुधा मोडलेले नसतात, गंजलेले असतात. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि उरलेले महिने हवेत मीठ असते. पावडर कोटिंगला एक ओरखडा पडला की आतून गंज पसरतो, वरून रंग शाबूत दिसतो. ॲल्युमिनियमच्या बारमध्ये साधा लोखंडी बोल्ट असेल तर खाऱ्या ओलाव्यात ते दोन धातू एकमेकांना खातात आणि वर्षभरात बोल्ट जाम होतो. म्हणून आम्ही बोल्ट बदलून स्टेनलेसचे घालतो, मध्ये ग्रीस आणि नायलॉनचा वॉशर देतो. हणजुणे-कळंगुटसारख्या किनाऱ्यालगत राहत असाल तर ३१६ दर्जाचे स्टेनलेस मागा. त्यात मॉलिब्डेनम असते, ते मिठाला नेहमीच्या ३०४ दर्जापेक्षा चांगले तोंड देते. खरेदी करताना खिशात लोहचुंबक असू द्या. ‘स्टेनलेस’ म्हणून दाखवलेल्या बोल्टला तो घट्ट चिकटला तर बोल्ट बहुधा मुलामा दिलेल्या लोखंडाचा आहे.

समुद्रावरून आल्यावर रॅक गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. जून ते सप्टेंबर तो गाडीवर ठेवूच नका. पट्टे पॉलिएस्टरचे घ्या, कारण नायलॉन भिजले की ताणले जाते आणि घट्ट आवळलेला पट्टा पावसात सैल होतो. शिवणीपाशी धागे फुलू लागले किंवा रंग उडाला की पट्टा बदला. पट्ट्याच्या किमतीत सायकलचे नवे मडगार्डही येत नाही.

निघण्याआधी

रॅकच्या रबरी पायांखालची जागा ओल्या फडक्याने पुसा. लाल माती राहिली तर ती पॉलिश पेपरसारखी रंग घासते. जड सायकल गाडीच्या बाजूला, हलकी बाहेर. एकीचे हँडल डावीकडे तर दुसरीचे उजवीकडे, आणि मध्ये जुन्या ट्यूबचे तुकडे. बाटली, पंप, मीटर, मुलाची बसायची खुर्ची काढून आत ठेवा. उतरत्या दांड्याच्या सायकलींना लटकवायला आडवा दांडा नसतो, त्यांच्यासाठी जोड-दांडा मिळतो, तो विसरू नका.

मग सायकल धरून जोरात हलवा. सायकलबरोबर अख्खी गाडी डुलली पाहिजे. नुसती सायकल हलली तर पुन्हा आवळा. पहिल्या दहा किलोमीटरवर थांबून पट्टे परत तपासा, मग दर थांब्याला. ताशी ८० च्या वर जाऊ नका आणि गतिरोधकावर नेहमीपेक्षा हळू जा. साखळीला भाजी-पाव खायला थांबलात तर गाडी नजरेसमोर लावा. पट्ट्यांचा रॅक कुलपाचा नसतो, चाकू असलेल्या कोणालाही तो उघडता येतो.

आमच्याकडे येताना गाडी, गाडीचे मॅन्युअल आणि घरातली सर्वांत जड सायकल आणा. रॅक बसवून, सायकल चढवून, तुम्हाला शेजारी बसवून एक फेरी मारून आणू. मनासारखा वाटला तरच पैसे द्या. पहिल्या महिन्यानंतर एकदा बोल्ट आवळून देतो, त्याचे शुल्क नाही. शुक्रवारी मात्र म्हापशाच्या बाजारामुळे दुकानासमोर गाडी उभी करायला जागा मिळत नाही, तो एक दिवस टाळून या.