‘गॅस’ नावाचा गोंधळ

‘गॅस बंद केलास का?’, ‘गॅस संपत आलाय, नंबर लावून ठेव’, ‘पोटात गॅस धरलाय’. दिवसातून दहादा तोंडी येणारा हा शब्द एका माणसाने मुद्दाम घडवलाय, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. बहुतेक शब्दांचा जन्मदाता कधीच सापडत नाही. याचा सापडतो. यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट, ब्रुसेल्सचा वैद्य.

त्याने ६२ पौंड कोळसा जाळल्याचं उदाहरण दिलं आहे. राख उरते जेमतेम एक पौंड. मग बाकीचं गेलं कुठे? डोळ्यांना न दिसणारं ते सगळं हवाच, अशी त्या काळची समजूत. हेल्मोंटला ती पटेना. कोळशातून निसटलेलं हे काहीतरी निराळंच आहे आणि द्राक्षरस आंबताना बुडबुड्यांतून निघतं तेही हेच, हे त्याने ओळखलं. तो होता आपला कार्बन डायऑक्साइड.

नव्या वस्तूला नाव हवं होतं. सृष्टीपूर्वीच्या निराकार पोकळीला ग्रीक लोक ‘खाओस’ म्हणत. इंग्रजीतला ‘केऑस’, म्हणजे गोंधळ, त्यातूनच आला. हेल्मोंटच्या डच भाषेत ‘ग’ घशातून खरखरीत, ‘ख’च्या अगदी जवळचा उच्चारतात. तसा ‘गॅस’ म्हणून पाहा, ‘खाओस’ ऐकू येतो. हेल्मोंट १६४४ साली वारला, १६४८ साली मुलाने त्याचे ग्रंथ छापले. तरी रसायनशास्त्रज्ञ पुढे कितीतरी वर्षं ‘हवा’च म्हणत राहिले. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने वापरल्यावर शब्द रुजला.

नाव किती चपखल! खोलीतल्या हवेतले नायट्रोजनचे रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने धावत एकमेकांवर आदळत असतात. रेणूंची ही धावपळ हेल्मोंटला माहीतही नव्हती. भांड्यात कोंडता येत नाही तो गॅस, असं मात्र त्याने लिहून ठेवलं. बंद भांडी फुटताना त्याने पाहिली होती.

आपल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो मावतो, कारण दाबाखाली तो बहुतांश द्रव झालेला असतो. कॉक उघडला की दाब उतरतो, द्रव उकळू लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता लोखंडी पत्र्यातून ओढून घेतो. म्हणून तर आई सिलिंडर ओल्या फडक्याने पुसून थांबते. वरचा भाग लवकर वाळतो, खालचा गार भाग ओलाच राहतो. मधे जी रेघ उमटते तिच्या खाली द्रव, आणि वर हेल्मोंटचा गॅस.