खोलीच्या मापाआधी माणसं किती ते सांगा

"बारा बाय पंधराची खोली आहे, दीड टनाचा एसी बसवून टाका." ठाण्यात आम्हाला असे फोन नेहमीचेच. आमचा उलट प्रश्नही ठरलेला: खोलीत बसणार किती जण? काहींना ती उगाच चौकशी वाटते, पण माणसंही खोली तापवतात, म्हणून हे पत्रक.

खाल्लेल्या अन्नाचा श्वासातल्या प्राणवायूशी पेशींमध्ये संयोग होतो आणि ऊर्जा मोकळी होते. झोपेतही यकृत, मेंदू, हृदय थांबत नाहीत. त्यांनी वापरलेली ऊर्जा शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. स्नायू कामाला लागले की तिच्यातला फार तर चौथा हिस्सा कामी येतो, बाकी उष्णता. स्वस्थ बसलेला मोठा माणूस सुमारे १०० वॉट उष्णता सोडतो. ट्रेडमिलवर धावणारा त्याच्या पाचपट सहज, म्हणून जिमचा हिशेब आम्ही वेगळा करतो.

थर्मामीटर हे सांगत नाही. बसलेल्या आणि धावणाऱ्या माणसाच्या तापमानात एक-दोन अंशांचाच फरक असतो, कारण शरीर तयार झालेली उष्णता बाहेर टाकत राहतं. मोजायची ती बाहेर टाकलेली.

पॅरिसमध्ये १७८२-८३च्या हिवाळ्यात लावोझिए आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी एका गिनीपिगला चहूबाजूंनी बर्फ भरलेल्या भांड्यात ठेवलं आणि वितळलेलं पाणी तोललं. जेवढं पाणी, तेवढी उष्णता. पुढे अमेरिकेत ॲटवॉटर आणि रोझा यांनी माणसासाठीच बंद खोली बांधली. आतली उष्णता नळ्यांमधल्या थंड पाण्यात जायची आणि पाणी किती तापलं ते मोजलं जायचं. माणूस तिथे दिवसचे दिवस राहायचा. आता बहुधा मास्क लावून प्राणवायू मोजतात: एक लिटर वापरला की सुमारे ४.८ किलोकॅलरी.

तुमच्या एसीचा 'टन'ही बर्फाचाच. ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळवायला लागते तेवढी उष्णता, म्हणजे सुमारे ३५०० वॉट. म्हणजे नुसती बसलेली ३५ माणसं एक टन खातात.

सुरुवातीच्या काळात नौपाड्यातल्या एका क्लासमध्ये आम्ही खोलीच्या मापावरून एक टनाचा एसी बसवला. रिकाम्या खोलीत गारवा छान. दहावीची तीस मुलं बसली की तासाभरात वह्यांनी वारा घेणं सुरू. तीन हजार वॉट मुलांचेच होते; भिंतीतून येणाऱ्या उष्म्याला आणि खिडकीतल्या उन्हाला फारसं काही उरलंच नव्हतं. चूक आमची होती, मशीन आम्ही बदलून दिलं.

आपल्याकडे दमटपणाही धरावा लागतो. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २४०० जूल उष्णता नेतो, पण खाडीच्या हवेत तो लवकर वाळत नाही. एसीला हवेतली ओलही काढावी लागते आणि त्यातच त्याची बरीच ताकद जाते. वर्ग भरलेला असताना ड्रेन पाइपमधून पाणी जास्त येतं, ते बिघाडाचं लक्षण नाही. त्यात मुलांच्या श्वासाची आणि घामाची वाफ असते.

फोन करताना सगळ्यात जास्त गर्दीच्या वेळी किती जण असतात, किती तास बसतात आणि काय करतात, एवढं सांगा. गच्चीखालची खोली किंवा पश्चिमेची काच असेल तर तेही सांगा. त्याचं गणित जागा पाहूनच होतं.