दोन पांढऱ्या पुड्या: केएमएस आणि सॉर्बेट

स्वस्तातल्या वाइन किटच्या खोक्यात रसाच्या अर्कासोबत चार-पाच पुड्या येतात. यीस्टची पुडी ओळखू येते, गाळ खाली बसवणाऱ्या बेंटोनाइट मातीची तर रंगावरूनच कळते. घोळ होतो तो दोन पांढऱ्या पुड्यांचा. एकीवर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट लिहिलेलं असतं, दुसरीवर पोटॅशियम सॉर्बेट. इंग्लंडमधल्या लीड्सहून भाच्याने दोन्हींचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, “मावशी, दोन्ही प्रिझर्वेटिव्हच ना? मग एकच टाकली तर चालेल?”

तिकडे घरच्यापुरती वाइन करायला मोकळीक आहे म्हणून हा पत्रव्यवहार. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा विनापरवाना दारू बनवू देत नाही आणि वाइनही त्यातच मोडते. त्यामुळे इथे ठाण्याच्या नौपाड्यात बसून माझा हातभार सल्ल्यापुरता. पण तुर्भ्याच्या एका फूड लॅबमध्ये नोकरीची वर्षं याच दोन पावडरींच्या सोबतीने गेली आहेत, तेव्हा सल्ला फुकट असला तरी पोकळ नाही.

पहिली पुडी म्हणजे आपलं केएमएस. मे महिन्यात आंब्याचा स्क्वॉश करणाऱ्या घरांत ते असतंच. आंबट द्रवात पडलं की त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो, वजनाच्या सुमारे ५७ टक्के. हा वायू दोन कामं करतो: जंगली यीस्ट आणि बॅक्टेरियांना आवरतो, आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे वाइन तपकिरी, शिळकट होऊ देत नाही. दुसरं काम सॉर्बेटला अजिबात जमत नाही. केएमएस लाल-जांभळा रंग मात्र फिका करतं. म्हणूनच जांभळाच्या सरबताला आपण ते न घालता सोडियम बेंझोएट घालतो. रेड वाइनमध्येही घातल्या घातल्या रंग थोडा उतरतो, तेव्हा घाबरून जाऊ नये. पुढे तो बराचसा परततो.

केएमएस किती घालायचं हे आंबटपणावर ठरतं आणि किटच्या पत्रकात नेमकं हेच नसतं. सल्फर डायऑक्साइडचा एक छोटा हिस्साच जंतूंवर खरा चालतो आणि पीएच वाढला, म्हणजे आंबटपणा कमी झाला, की तो हिस्सा झपाट्याने घटतो. पीएच ३.२ असेल तर लिटरला साधारण २१ मिलिग्रॅम मोकळा, म्हणजे वाइनमधल्या कशाशीही न बांधलेला, सल्फर डायऑक्साइड पुरतो. तेवढ्याच संरक्षणाला ३.८ पीएचवर ८० च्या घरात लागतो. पुडी बनवणाऱ्याला तुमच्या बरणीचा पीएच काय ठाऊक? तो सगळ्यांना एकच माप देतो. पीएच मीटर ही माझ्या मते किटमध्ये घालायची पहिली सुधारणा, चवीसाठीच्या ओक लाकडाच्या चकत्यांच्याही आधी.

दुसरी अडचण वजनाची. साडेचार लिटरच्या बरणीत लिटरला ५० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड हवा असेल तर केएमएस लागतं जेमतेम ०.४ ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा एवढं दाखवतच नाही आणि ‘चिमूटभर’ म्हणजे कोणाची चिमूट? त्यापेक्षा १० ग्रॅम केएमएस पाण्यात विरघळवून एकूण १०० मिलिलिटर करा. या द्रावणाचे ४ मिलिलिटर म्हणजे बरोबर ०.४ ग्रॅम. औषधाच्या दुकानातली बिनसुईची सिरिंज घेतली की झालं. द्रावण दर वेळी ताजं करा आणि वास घ्यायला नाक त्याच्याजवळ नेऊ नका. दम्याच्या माणसाने तर लांबच राहावं; तशी वाइन कोणाला पाजतानाही हे विचारून घ्यावं.

आता सॉर्बेट. सॉर्बिक आम्ल पहिल्यांदा १८५९ मध्ये ए. डब्ल्यू. हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रोवन नावाच्या झाडाच्या फळांपासून वेगळं केलं. आज ते कारखान्यात बनतं आणि चीजपासून केकपर्यंत सगळीकडे असतं. वाइनमध्ये त्याचं काम एकच: यीस्टची नसबंदी. यीस्ट मरत नाही, पण त्याला नवे अंकुर फुटत नाहीत. म्हणून सॉर्बेट लागतं ते फक्त वाइन गोड करायची असेल तेव्हा, नाहीतर उरलेलं यीस्ट वाढून नवी साखर आंबवायला घेतं. साखर पूर्ण संपलेल्या कोरड्या वाइनमध्ये ते घालून काही साधत नाही. उलट काहींच्या जिभेला त्याची चव कळते. भाचा कोरडी रेड करणार होता. त्याला मी सरळ सांगितलं, “ती पुडी उघडूच नकोस.”

आणि सॉर्बेट एकटं कधीच घालू नये. लॅक्टिक बॅक्टेरियांवर त्याचा जोर चालत नाही. ते उलट सॉर्बिक आम्लावरच ताव मारतात आणि त्यातून चुरडलेल्या जिरेनियमच्या पानांसारखा वास तयार होतो. तो कशानेही जात नाही, अख्खी बरणी मोरीत ओतावी लागते. त्या बॅक्टेरियांना अडवायला केएमएस हवंच. एकाचं काम दुसऱ्याने होत नाही ते असं.

दोन्हींबद्दलचा सर्रास गैरसमज म्हणजे ‘पुडी टाकली की आंबणं थांबतं’. जोमात बुडबुडे येत असताना दोन्ही टाकल्या तरी लाखो पेशी आपलं काम उरकतातच. वाइन यीस्टला केएमएससारख्या सल्फाइटची सवय असते, शिवाय आंबताना तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन सल्फर डायऑक्साइडला बांधून टाकतं. भाच्याच्या मित्राने अर्धवट आंबलेली वाइन ‘गोडीला बरी’ म्हणून केएमएस टाकून बाटल्यांत भरली. पंधरवड्यात दोन बुचं छताला लागली. बुचाऐवजी काच फुटली असती तर?

त्यामुळे क्रम असा: आंबणं पूर्ण होऊ द्या. हायड्रोमीटर, म्हणजे वाइनची घनता दाखवणारी तरंगती नळी, ०.९९६ च्या खाली जाऊन सलग तीन दिवस तिथेच राहिला म्हणजे संपलं. विरलेला कार्बन डायऑक्साइड ढवळून काढा. गाळावरची निवळ वाइन नळीने दुसऱ्या बरणीत घ्या, मग केएमएस. गोडी हवी असेल तरच सॉर्बेट, साडेचार लिटरला एक ग्रॅमच्या आसपास. युरोपातल्या नियमांत सॉर्बिक आम्लाची कमाल मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, तेव्हा ‘थोडं जास्त बरं’ हा हिशेब इथे नको. सॉर्बेट आधी थोड्या पाण्यात विरघळवा. कोरडी पावडर थेट आंबट वाइनमध्ये पडली की पांढरे कण तरंगत राहतात. साखर त्यानंतर, आणि बाटल्या भरायच्या आधी आठवडाभर बरणी नुसती बघत बसा.

काही स्वस्त किटांत दोन्ही पावडरी एकाच पुडीत मिसळलेल्या असतात, नाव ‘स्टॅबिलायझर’. कोरडी वाइन करणाऱ्याने ती बाजूला ठेवून साधं केएमएस वेगळं आणावं. बाकीच्या सुधारणा सोप्या आहेत. पत्रकातलं पाणी अर्धा लिटर कमी घाला, म्हणजे पातळपणा जातो. साखरेचा काही भाग द्राक्षाच्या रसातून येऊ द्या. चार आठवड्यांत तयार असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी चार महिने थांबा.

दोन्ही पुड्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, कोरड्या जागी ठेवाव्यात. हे लीड्सपेक्षा ठाण्याला जास्त लागू, कारण आपल्या पावसाळ्यात उघड्या केएमएसचा खडा होतो आणि जोर जातो. बाटली उघडल्यावर लांबूनही नाकाला झणका बसला नाही तर ते स्क्वॉशलासुद्धा वापरू नका. सॉर्बेट पिवळट पडलं असेल तर तेही टाकून द्या.