सूर लागण्याआधीची खरखर: चेलोच्या तारेवर नेमकं काय घडतं

चेलो म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं, गजाने वाजणारं मोठं वाद्य. त्याबद्दल एक वाक्य हटकून ऐकू येतं: हे वाद्य माणसाच्या आवाजाच्या सर्वांत जवळ जातं, म्हणून काळजाला भिडतं. स्वरांची पट्टी पाहिली तर ते खोटं नाही. पण बासून आणि ट्रॉम्बोनही बऱ्याच अंशी त्याच पट्टीत वाजतात आणि कानाला अगदी निराळे लागतात. चेलोच्या स्वराला जो दाणेदारपणा असतो, त्याचं मूळ गजाखाली आहे, घोडीपासून (तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात तिच्यापासून) पाच-सात सेंटिमीटरवर.

उदाहरण म्हणून जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांच्या पहिल्या चेलो स्वीटचा (म्हणजे छोट्या रचनांच्या मालिकेचा) प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, घेऊ. 1720 च्या सुमाराची ही रचना. साथीला कोणी नाही, एकच चेलो, सुमारे अडीच मिनिटं. रचना जी मेजरमध्ये आहे. जी म्हणजे सा धरला तर पहिल्याच ओळीत ऐकू येतं: सा प ग रे ग प ग प. यातले ग आणि रे वरच्या सप्तकातले. सा आणि प या मोकळ्या, म्हणजे बोट न ठेवता वाजणाऱ्या तारा, त्यामुळे गज पुढच्या तारेवर गेला तरी खालचा सा मागे घुमत राहतो.

आता हा सा जन्मतो कसा ते पाहू. गज घासला की तार झोपाळ्यासारखी मागेपुढे झुलत असेल, असं बहुतेकांना वाटतं. डोळ्यांनाही तसंच दिसतं, कारण हालचाल इतकी जलद असते की फक्त फुगीर पुसट पट्टा उरतो. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात कंपन-सूक्ष्मदर्शकातून तारेवरच्या एका बिंदूची हालचाल तपासली, आणि चित्र वेगळंच निघालं. कोणत्याही क्षणी तार म्हणजे दोन सरळ रेषा असतात आणि त्यांच्या मध्ये एक टोकदार कोपरा. हा कोपरा तारेवरून धावतो, टोकाला आपटून परत फिरतो. राळ लावलेले घोड्याच्या शेपटीचे केस तारेला चिकटून तिला बरोबर ओढत नेतात. कोपरा बोटांच्या बाजूने गजापाशी पोचला की तार सुटते. तो घोडीवर आपटून परत आला की तार पुन्हा पकडली जाते. राळेचा गुणच असा की स्थिर पकड घट्ट आणि घसरण सुरू झाली की घर्षण एकदम कमी. हा फरक नसेल तर सूर नाही. म्हणूनच नव्या, राळ न लावलेल्या केसांचा गज तारेवरून जवळपास मुकाट्याने सरकतो.

आकडे घालून पाहा. जीची तार सेकंदाला 98 वेळा कंप पावते, म्हणजे एक फेरी साधारण 10.2 मिलिसेकंदांची. तार सुमारे 70 सेंटिमीटर लांब, तेव्हा कोपऱ्याचा वेग सेकंदाला 137 मीटर. गज घोडीपासून 7 सेंटिमीटरवर, म्हणजे लांबीच्या दहाव्या भागावर असेल, तर तार फेरीचा नऊ-दशांश वेळ चिकटलेली असते आणि जेमतेम एक मिलिसेकंद घसरते. घोडीवर पडणारं बल त्यामुळे करवतीच्या दात्यांसारखं चढतं आणि झटकन कोसळतं. अशा आकारात मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे उपस्वर भरपूर असतात, आणि तीच चेलोची झळाळी.

पण ही पकड-सुट शिस्तीत चालायला गजाचा दाब ठरावीक मर्यादेतच लागतो. दाब कमी पडला तर तार एका फेरीत दोनदा सुटते आणि आवाज पातळ, वरवरचा येतो. जास्त झाला तर कोपरा आला तरी पकड सुटत नाही, आणि मग नुसती घरघर. गज आणि घोडी यांतलं अंतर निम्मं केलं, तर चालणारा जास्तीत जास्त दाब ढोबळमानाने दुप्पट होतो, पण लागणारा किमान दाब चौपट. म्हणजे घोडीजवळ जावं तसा आवाज तेजस्वी होतो आणि चुकीला जागा उरत नाही. शिकाऊ हातून घोडीजवळ किंचाळी निघते ती यामुळे.

प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला ही शिस्त लागायला काही फेऱ्या जातात. पाच फेऱ्या धरल्या तरी जीच्या तारेवर 50 मिलिसेकंद होतात, आणि प्रेल्यूडमधला एकेक स्वर जेमतेम 220 मिलिसेकंदांचा. तेवढ्यात ऐकू येणारा हलका ‘ख्’ हे स्वराचं व्यंजन समजा. रेकॉर्डिंगमधून ती खरखर पुसून टाकली तर चेलो सिंथेसायझरसारखा वाटेल.

याच विषयावर कोलकात्यात सी. व्ही. रामन यांनी तारेवर समान वेगाने गज चालवणारं यंत्र बांधून प्रयोग केले. चेलोच्या ‘वुल्फ नोट’चं, म्हणजे एका विशिष्ट स्वरावर आवाज गुरगुरत अडखळतो त्याचं, स्पष्टीकरणही त्यांनी 1916 मध्ये दिलं. त्या स्वराला वाद्याचा डबाच इतका थरथरतो की तारेची ऊर्जा पिऊन टाकतो. लागणारा दाब वाढतो, पकड मोडते, थरथर ओसरते, पकड पुन्हा जमते, आणि हे चक्र चालू राहतं. हा स्वर बहुधा जीच्या तारेवर वरच्या ई-एफच्या आसपास सापडतो. उपाय म्हणून घोडीच्या पलीकडे, खालच्या बाजूला उरलेल्या तारेच्या तुकड्यावर पितळी नळी बसवतात, किंवा वादक डबा गुडघ्यांनी आवळतो.

तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार ज्यांनी ऐकलाय त्यांनी प्रेल्यूडच्या पहिल्या ओळीतल्या गकडे लक्ष द्यावं. तंबोऱ्यातला तो गंधार म्हणजे षड्जाचा पाचवा, म्हणजे पाचपट कंपनांचा, उपस्वर. इथेही मोकळ्या जीचा पाचवा उपस्वर 490 हर्ट्झवर घुमत असतो. वादकाचा ग पियानोच्या पट्टीतला, 247 हर्ट्झचा असेल, तर त्याचा दुसरा उपस्वर 494 वर येतो आणि सेकंदाला चार हेलकावे उठतात. ग केसभर उतरवला की तो साच्या आत विरघळतो. काही वादक मात्र तो मुद्दाम चढा ठेवतात, ओळ धारदार लागावी म्हणून.

ए, म्हणजे वाद्यं जुळवताना आधाराला धरतात तो स्वर, 432 हर्ट्झला लावला की संगीत शरीर बरं करतं, असे व्हिडिओ सर्रास फिरतात. त्याला काडीचा आधार नाही. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं, आणि सेकंद माणसाने ठरवलेला. बाखच्या काळी गावागणिक पट्टी बदलायची. आज जुन्या पद्धतीची वाद्यं वाजवणारे बहुतेक जण ए 415 ला लावतात, इतर 440-442 ला, आणि प्रेल्यूड दोन्हीकडे तितकाच सुंदर लागतो.

एक प्रयोग घरी करता येईल. तोच तुकडा आधी फोनच्या स्पीकरवर आणि मग चांगल्या हेडफोनवर ऐका. फोनचा इवलासा स्पीकर 98 हर्ट्झ जवळपास देतच नाही, तरी खालचा जी ऐकू येतो, कारण 294, 392, 490 या उपस्वरांमधलं समान अंतर ओळखून मेंदू मूळ स्वर स्वतः भरून काढतो. हेडफोनवर स्वर तोच राहतो, पण त्याला वजन येतं. लाकडी फरशीच्या सभागृहात पुढे बसलात तर तेच वजन तळपायांनाही कळू शकतं, कारण आधुनिक चेलो धातूच्या खुंटीवर फरशीला टेकलेला असतो.

प्रेल्यूडच्या शेवटाकडे गज ए आणि डीच्या तारांवर झपाझप आलटून-पालटून फिरतो. ए मोकळी आणि एकाच स्वरावर, डीवर बोटं बदलत जातात. बोटाचं मांस वरचे उपस्वर शोषून घेतं, त्यामुळे डीचे स्वर मऊ येतात आणि मोकळ्या एचे लखलखीत. कान त्यांना एका ओळीत बसवतच नाही. एक स्थिर स्वर आणि त्याच्यासोबत चालणारी दुसरी ओळ, असे दोन वादक ऐकू येऊ लागतात, आणि समोर गज एकच असतो.